लाईट होती, तरी पंप बंद पडला : इन्व्हर्टर आणि बॅटरीची तपासणी घरच्या घरी



मागच्या ऑक्टोबरात आपल्या बीज टाकीवर जे झालं ते बहुतेकांना माहीत आहे. पहाटे तीनच्या सुमारास इन्व्हर्टर बंद पडला, हवेचे दोन्ही पंप थांबले आणि उजाडेपर्यंत एका टाकीतली रोहू-कतल्याची बोटुकली जवळपास सगळी उपडी झाली. पाण्यातला प्राणवायू पहाटेच सगळ्यात कमी असतो. दाट बीज असलेल्या टाकीत तेव्हा पंप थांबला की मासोळी वर येऊन तोंड उघडझाप करते, आणि मग फार वेळ मिळत नाही.

नवल म्हणजे त्या रात्री लाईट गेलेलीच नव्हती. राखणदाराच्या खोलीतला बल्ब मंद का होईना, जळत होता. मिस्त्री म्हणाला, बॅटरी गेली, नवी घ्या. आम्ही पैसे काढायच्या तयारीत होतो. तेवढ्यात एका सभासदाच्या मुलाने मीटर लावून पाहिला. बॅटरी चांगली निघाली. दोष दुसरीकडेच होता.

नेमकं काय झालं होतं

आपल्याकडे पांढुर्णा-सौंसर भागात पावसाळा सरला की संत्र्याच्या बगीच्यात आणि रब्बीच्या वावरात मोटारी सुरू होतात. लाईनच्या टोकाला व्होल्टेज पडतं. टाकीवर संध्याकाळी २३० च्या जागी १६५ येत होतं. इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘यूपीएस’ वर होतं. त्यात बहुतेक इन्व्हर्टर १८० च्या खालची लाईट घेतच नाहीत, लाईट गेली असंच समजून बॅटरीवर चालतात. म्हणजे रोज संध्याकाळपासून बॅटरी रिकामी होत होती आणि दिवसा पुरती भरत नव्हती. आठ-दहा दिवस असं चाललं आणि एका पहाटे तिने हात टेकले.

म्हणून तपासणी या क्रमाने करा

१. आधी भिंतीच्या सॉकेटवर व्होल्टेज मोजा, आणि संध्याकाळी मोजा. दुपारी २३० दिसलं म्हणून समाधान मानू नका. १८० च्या खाली जात असेल तर इन्व्हर्टर ‘नॉर्मल’ वर ठेवा. मात्र तेव्हा पंपालाही तीच कमी लाईट मिळते आणि मोटार तापते. म्हणून इन्व्हर्टरच्या आधी स्टॅबिलायझर लावणं चांगलं. आम्ही तेच केलं, आणि वीज कंपनीकडे लेखी तक्रारही दिली.

२. लाईट असताना बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावा. चार्जिंग चालू असेल तर १३.५ ते १४.४ व्होल्ट दिसतात. १२.५ च्या आसपासच अडकलं असेल तर चार्जिंग होत नाही. मग प्लग, एमसीबी आणि फ्यूज पाहा. ते ठीक असतील तर इन्व्हर्टर मिस्त्रीकडे न्या. आतलं कार्ड स्वतः उघडू नका.

३. चार्जिंग बंद करून, लोड काढून दोन-तीन तासांनी पुन्हा मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.८ म्हणजे रिकामी.

४. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर स्विच बंद करून गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवा. सोडा झाकणाच्या आत जाऊ देऊ नका. वाळल्यावर नट घट्ट करा आणि वरून व्हॅसलीन लावा. ढिली तार गरम होते आणि चांगली बॅटरीही खराब वाटते.

५. पाण्याची पातळी पाहा. फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका. विहिरीचं, नळाचं, आरओचंही नको. ॲसिड तर कधीच वरून टाकू नका.

६. बॅटरी पूर्ण भरल्यावर हायड्रोमीटरने सहाही खाने तपासा. पाच खान्यांत १२४० आणि एकात ११८० असेल, तर तो खाना गेला. तेव्हा बॅटरी बदलण्यावाचून इलाज नाही. हे पाहिल्याशिवाय नवी घेऊ नका.

बॅटरी किती तास चालेल?

हिशेब सोपा आहे. ६० वॅटचे दोन पंप म्हणजे १२० वॅट. भागिले १२ व्होल्ट, झाले १० अँपिअर. इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो, म्हणून १२ धरा. १५० एएचची बॅटरी अर्धीच वापरायची म्हटलं तर ७५ भागिले १२, म्हणजे सहा तास. रोज पार रिकामी केली तर तिचं आयुष्य लवकर सरतं. आणि या इन्व्हर्टरवर कोणी टीव्ही-कूलर जोडला, तर हा हिशेब तिथेच मोडला!

नाववाल्यांसाठी

१६ जून ते १५ ऑगस्ट बंदीच्या काळात नावेवरच्या दिव्याची बॅटरी कोपऱ्यात पडून राहते आणि पहिल्या दिवशी दगा देते. बॅटरी ठेवायच्या आधी पूर्ण भरा, तारा काढा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. सोलरची प्लेट थेट बॅटरीला जोडू नका, मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच.

जिवाची काळजी

चार्ज होताना बॅटरीतून पेटणारा वायू निघतो. खोली बंद ठेवू नका, जवळ बिडी-काडी नको. तारा काढताना आधी उणे, जोडताना शेवटी उणे. आणि टाकीच्या पाण्यात हात घालण्याआधी पंपाचा प्लग काढा. लाईट गेली तरी इन्व्हर्टरमधून २३० व्होल्ट येतच असतात, हे विसरू नका. बोटुकली पुन्हा आणता येते, माणूस नाही.

मीटर आणि हायड्रोमीटर संस्थेच्या ऑफिसात आणून ठेवले आहेत. वहीत नाव लिहून कोणीही न्या, वापरून परत आणा. मीटर लावता येत नसेल तर या, सोबत बसून दाखवतो. पाच मिनिटांचं काम आहे, आम्ही ते आठ दिवस आधी केलं असतं तर ती टाकी वाचली असती.

आपला,
सचिव