निळ्याला निळी जोडली तर?

प्रश्न : निघोजेजवळ आमचं कारखान्यांना जेवण पुरवणारं स्वयंपाकघर आहे. एका कंपनीच्या कॅन्टीनमधून निघालेला युरोपीय बनावटीचा थ्री फेज ओव्हन आम्ही घेतला. त्याच्या केबलमध्ये तपकिरी, काळी, करडी, निळी आणि हिरवी-पिवळी अशा पाच वायरी आहेत. आमच्या बोर्डात लाल, पिवळी, निळी, काळी आणि हिरवी. आमचा वायरमन म्हणतो, निळ्याला निळी, काळ्याला काळी, उरलेल्या दोन कशाही लावा. चालेल का? आणि मुळात रंग वेगळे कशाला?

उत्तर : अजिबात लावू नका. तुमच्या बोर्डातली निळी वायर म्हणजे तिसरा फेज आणि ओव्हनमधली निळी म्हणजे न्यूट्रल. काळ्याचं नेमकं उलटं : आपल्याकडे ती न्यूट्रल, त्यांच्याकडे फेज. लाल-पिवळा-निळा ही पद्धत इंग्रजांच्या वेळेपासून आपल्याकडे आहे. खुद्द इंग्लंडने २००४ पासून ती सोडून युरोपची तपकिरी-काळी-करडी पद्धत धरली. आपल्या बोर्डांत मात्र जुनेच रंग दिसतात. तुमच्या चाकण पट्ट्यात युरोपीय कंपन्यांचे कारखाने बरेच, त्यामुळे तिकडची यंत्रं इथे हातोहात फिरतात आणि ही गल्लत पुन्हा पुन्हा होते.

वायरमनचं ऐकलंत तर काय होईल? ओव्हनच्या न्यूट्रलवर फेज येईल. तपकिरी वायर आणि न्यूट्रल यांच्यामध्ये जोडलेल्या कंट्रोल कार्डाला २३० व्होल्ट हवेत, मिळतील ४००. हीटर स्टारमध्ये, म्हणजे प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये, जोडलेले असतील तर त्यातल्या दोघांची हीच गत. व्होल्टेज पावणेदोन पट झालं की वीज तिप्पट खाल्ली जाते, म्हणजे ३ किलोवॉटचा हीटर ९ किलोवॉटने तापायला बघेल. काळ्या वायरीवरचा दिवा मात्र नीट लागेल, आणि त्याच्याकडे बघून सगळं ठीक आहे असं वाटेल. यात शॉर्ट सर्किट नाही, म्हणून एमसीबी लगेच पडेलच असं नाही. वीज जमिनीत गळत नाही, म्हणून आरसीसीबीही गप्प. कार्डाचा धूर निघेल तेव्हाच कळेल.

तेव्हा केबलचे रंग विसरा. ओव्हनच्या मागचं झाकण उघडून टर्मिनलवरची अक्षरं वाचा. एल१, एल२, एल३ हे फेज, एन म्हणजे न्यूट्रल, पीई म्हणजे अर्थिंग. वापरलेलं यंत्र आहे, मधे कुणी केबल बदललेली असू शकते. म्हणून पुरवठा बंद ठेवून प्रत्येक वायर मल्टिमीटरने टोकापर्यंत तपासायला सांगा. नुसत्या टेस्टरवर भागवू नका.

न्यूट्रलबद्दल आणखी थोडं, कारण थ्री फेज स्वयंपाकघरात फ्रीज आणि मिक्सर जळतात ते बहुतेक तिच्यामुळेच. वाफेने, तेलकटपणाने लग ढिली होते आणि न्यूट्रल सुटते. समजा एका फेजवर १०० वॉटचा फ्रीज आणि दुसऱ्यावर २००० वॉटचा गरम डब्यांचा काउंटर आहे. न्यूट्रल तुटताच दोघं ४०० व्होल्टच्या एकाच रांगेत उभे राहतात आणि फ्रीजच्या वाट्याला सुमारे ३८० व्होल्ट येतात! कणीक मळायच्या थ्री फेज मोटरला न्यूट्रल लागतच नाही, ती निवांत फिरत असते, त्यामुळे न्यूट्रल सुटल्याची शंकाही येत नाही. म्हणून न्यूट्रलवर वेगळा फ्यूज किंवा स्वतंत्र स्विच कधीच नको. तोडायचीच तर चारही पोल एकदम तोडणारा आयसोलेटर हवा. स्वयंपाकघराच्या मुख्य लाइनला ‘साडेतीन कोर’ केबल सुचवली जाते. तिच्यातली न्यूट्रल जवळपास निम्म्या जाडीची असते. नुसत्या मोटरी असतील तर ठीक, पण सिंगल फेजचा लोड इतका विषम असताना मी पूर्ण चार कोरच घेईन.

पावसाळ्यात बरेच दिवस बंद राहिलेल्या हीटरमध्ये दमट हवा शिरते आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी पडते. हीटर सुकवा किंवा बदला. आरसीसीबी ‘बायपास’ करणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवा. ओल्या फरशीवर उभं राहून स्टीलच्या टेबलाला हात लावणारी माणसं तुमची आहेत. ही सारी जोडणी परवानाधारक ठेकेदारानेच करायची, असा कायदाही आहे.

काम झाल्यावर एक्झॉस्टकडे जरूर बघा. बोर्डात दोन फेज उलटसुलट झाले असतील तर ब्लोअर उलटा फिरतो. पंखा कवचात बंद असलेला, गोल पोटाचा ब्लोअर उलटा फिरूनही हवा त्याच दिशेला फेकतो, फक्त फार कमी. मग लोक महिनोन्‌महिने जाळ्या धूत बसतात. ब्लोअरच्या कवचावरचा बाण पाहा आणि मोटरच्या कोणत्याही दोन फेज वायरी आपसांत बदलून घ्या.