गॅसचा वास आला तर

आता खेड्यापाड्यांत गॅस आला आहे. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशात बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरांतल्या बायकांच्या नावाने गॅस मिळू लागला. आमच्या उमरीकडेही चुलीशेजारी लाल टाकी उभी राहिली. धूर कमी झाला, हे चांगलेच झाले. पण चूल आणि टाकी एकाच खोलीत नांदू लागली, म्हणून जपावे लागते.

हा गॅस कसा असतो ते आधी पाहू. घरच्या टाकीत १४.२ किलो गॅस भरतात. दाबून भरल्यामुळे तो आत पाण्यासारखा पातळ असतो. बाहेर सुटला की फुगतो. एक लिटर पातळ गॅसचा सुमारे २५० लिटर वायू होतो. हवेच्या शंभर भागांत दोन भाग गॅस मिसळला, तरी ठिणगी पडताच भडका उडू शकतो. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाण वासाचे औषध घालतात. पडसे झालेल्या माणसाला किंवा म्हाताऱ्या माणसाला हा वास लवकर येत नाही. म्हणून लेकरू जरी म्हणाले, "माय, घाण वास येतोय," तरी त्याला गप्प करू नका.

आता मुख्य गोष्ट. हा गॅस हवेपेक्षा जड आहे. धूर वर जातो, हा खाली बसतो. आपल्याकडे माळवदाच्या घराला वर साणे असते. त्यातून धूर जातो. म्हणून लोक म्हणतात, "साणं उघडं हाय, जाईल की वर." तो वर जात नाही. जमिनीवर पाण्यासारखा पसरतो. उंबरठा उंच असला तर आत अडतो. घरात पेव असले तर त्यात उतरतो. माणूस उभा असतो, त्याचे नाक वर असते. त्याला वास थोडा वाटतो आणि पायाशी गॅस साठलेला असतो.

समजा, पहाटेची वेळ आहे. सासूबाई उठल्या. स्वयंपाकघरात घाण वास आला. काय झाले ते पाहावे म्हणून त्यांचा हात बटनाकडे गेला. तेवढ्यात सून ओरडली,

"आत्या, बटन दाबू नका!"

"अगं, अंधारात दिसंल कसं?"

"नाही दिसलं तरी चालंल. आधी दार उघडा!"

सुनेचे बरोबर आहे. बटन दाबताना आत बारीक ठिणगी उडते. लावताना उडते, तशीच बंद करतानाही उडते. म्हणून चालू दिवा चालूच राहू द्या, बंद दिवा बंदच राहू द्या. गॅस घालवायला पंखा तर मुळीच लावू नका. मोबाईलची बॅटरीही आत लावू नका. लाईट गेलेली असेल तर ती कधी येईल याचा नेम नाही, आणि आली की फ्रीज आपोआप चालू होतो. मेन स्विच घराबाहेर असेल तर तो बंद करा. आत असेल तर त्याला हात लावू नका.

देवापुढचा दिवा, उदबत्ती, बिडी विझवा. रेग्युलेटरची कळ बंद करा. दारे-खिडक्या उघडा, आणि लेकरे, म्हातारी माणसे यांना घेऊन अंगणाच्या पलीकडे जा. वास फार असेल किंवा चुलीत निखारे असतील, तर टाकीशी खटपट करत बसू नका. सरळ बाहेर व्हा.

वास कमी असूनही टाकीतून सूं सूं आवाज येत राहिला, तर रेग्युलेटर काढून टाकीच्या तोंडावर टोपण बसवा. हे दोरीचे पांढरे टोपण बहुतेक घरांत पहिल्याच दिवशी हरवते. आमचे म्हणणे, ते टाकीलाच बांधलेले राहू द्या.

बाहेर आल्यावर १९०६ या नंबरावर फोन करा. हा गॅसगळतीसाठी ठेवलेला नंबर आहे. आग लागली असेल तर १०१ किंवा ११२ लावा आणि परत आत जाऊ नका. आता तुम्हाला लिहिता येते. १९०६ हा आकडा खडूने दाराच्या बाहेरच्या बाजूला लिहा. आत लिहिला तर वेळेला वाचता येणार नाही.

टाकीवरही वाचण्यासारखे असते. वरच्या पट्टीवर एक इंग्रजी अक्षर आणि वर्ष असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. 'सी २८' असेल तर २०२८ च्या सप्टेंबरपर्यंत टाकी पुन्हा तपासली पाहिजे. मुदत उलटलेली टाकी घेऊ नका. रबरी नळी पाच वर्षांनी बदला. नळी तपासायला काही जण काडी ओढतात! साबणाचे पाणी लावा, बुडबुडे आले की गळती कळते.

ज्यांची मुले पुण्या-मुंबईला कामाला आहेत, त्यांनी एवढे वेगळे समजून घ्यावे. तिकडे पुष्कळ घरांत नळाने गॅस येतो. तो हवेपेक्षा हलका असतो, छताशी साठतो. तिथे नळावरची कळ बंद करायची. बाकी बटनाचा नियम तोच.

वास गेला तरी मेकॅनिक येऊन पाहीपर्यंत शेगडी पेटवू नका. त्या दिवशीच्या भाकरी शेजारणीच्या चुलीवर होतील.