नायलॉन की रेडियल? हिशेब किलोमीटरचा

टायर घेताना भावाच्या आधी रस्ता बघावा. लातूरहून अहमदपूर, लोहामार्गे नांदेडला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 361 वर धावणारा डाळीचा ट्रक आणि उसाच्या फडातून निघणारी ट्रॉली यांना एकच टायर चालत नाही.

नायलॉन टायरमध्ये धाग्यांचे थर तिरपे, एकावर एक फुली मारल्यासारखे बसवलेले असतात. त्यामुळे बाजू जाड आणि ताठ राहते, दगड-धसकट सोसते. पण थरावर थर घासून टायर लवकर तापतो. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात, वर नक्षीच्या रबराखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. हा टायर रस्त्याला सपाट टेकतो, कमी तापतो, डिझेल वाचवतो. बाजू मात्र नाजूक. साइडवॉलला चीर गेली, की टायर बाद समजा.

आता पैसे. आकडे हिशेबापुरते, दुकानातला भाव घालून तुम्हीच मांडा. समजा ट्रकचा नायलॉन 18 हजारांना मिळाला आणि 45 हजार किलोमीटर चालला, तर किलोमीटरला 40 पैसे. रेडियल 23 हजारांना, चालला 80 हजार, 29 पैसे. केसिंग, म्हणजे टायरचा आतला सांगाडा, शाबूत असेल आणि 6 हजारांत रबर चढवून आणखी 40 हजार काढले, तर खर्च 24 पैशांवर येतो. डिझेलची बचत वेगळीच. मात्र जादा माल भरून, हवा कमी ठेवून पळवलात, तर केसिंग जाते आणि हा सगळा हिशेब कोलमडतो.

मांजरा पट्ट्यात हंगामभर ऊस ओढणाऱ्या ट्रॉलीला माझ्या मते नायलॉनच बरा. वेग कमी, अंतर थोडे, वाट खराब. तिथे रेडियलचे जास्तीचे पैसे वसूल होत नाहीत. कारचा प्रश्नच नाही, तिथे रेडियलच.

ट्यूबलेस म्हणजे रेडियल, असा समज सर्रास दिसतो. मोटारसायकलचे बहुतेक ट्यूबलेस टायर तिरप्या धाग्यांचेच असतात, तर ट्रकचा 10.00 R 20 रेडियल असूनही ट्यूबवर चालतो. आकड्यांमध्ये 'आर' असेल तर रेडियल; 10.00-20 अशी नुसती आडवी रेघ असेल तर नायलॉन. एका अ‍ॅक्सलवर दोन्ही मिसळू नका, दुकानदार कितीही म्हणाला तरी.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. मे महिन्यात दुपारी प्रेशर वाढलेले दिसले म्हणून हवा सोडणारे बरेच असतात. रात्री तोच टायर कमी हवेवर धावतो आणि आणखी तापतो.

बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: 2325 म्हणजे 2025 च्या 23व्या आठवड्यातला माल. जुना माल असेल तर भाव पाडून मागा. 22 सप्टेंबर 2025 पासून कार-ट्रकच्या नव्या टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के, तर ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा 18 वरून 5 टक्के झाला आहे. पक्के बिल घ्या आणि त्यावर टायरचा नंबर लिहून घ्या. वॉरंटीचा दावा त्याशिवाय पुढे सरकत नाही.