गाडी हवा ओढतेय की पेट्रोल जास्त पितेय? पार्ट बदलण्याआधी निदान करा



गॅरेज टाकायचं म्हणणारी पोरं मला पहिला प्रश्न हाच विचारतात, "सर, स्कॅनर कोणता घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. स्कॅनर कोणताही घ्या, पण त्यावरचा आकडा वाचायला शिका. मी हे स्वतःचे ३,२०० रुपये घालवून शिकलोय.

दुकान सुरू करून वर्षही झालं नव्हतं. गेवराईकडचे एक काका आले. गाडी भाड्यावर चालायची, घर त्यावरच. इंजिनची लाईट लागलेली आणि उभ्या गाडीत आरपीएम सारखा खाली-वर. स्कॅनर लावला, कोड आला पी०१७१. म्हणजे मिश्रण लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मी लगेच ठरवलं, ऑक्सिजन सेन्सर गेला. ३,२०० रुपयांचा सेन्सर टाकला. तीन दिवसांनी काका परत दारात. "भाऊ, लाईट हाय तशीच हाय, पैसे तेवढे गेले."

शेवटी सापडलं काय? पीसीव्हीच्या रबरी पाइपला खालच्या बाजूने चीर. पाइप १८० रुपयांचा. सेन्सरचे पैसे मी परत केले, पण काकांचा बुडालेला धंदा कुठून देणार? सेन्सर बिचारा खरंच सांगत होता. मीच त्याचं ऐकलं नाही.

कोड म्हणजे तक्रार, निदान नव्हे

१ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, आलेल्या हवेच्या हिशोबाने पेट्रोल सोडतो. मोजणीतून सुटून जास्तीची हवा आत शिरली की हा हिशोब चुकतो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो. त्यामुळे एखादा प्लग मिसिंग मारत असेल, किंवा सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा पाइप लीक असेल, तरी तो "लीन" म्हणूनच ओरडतो. म्हणून मिसिंग आधी काढा, मग मिश्रणाकडे वळा.

फ्युएल ट्रिम: ईसीयूची उधारीची वही

स्कॅनरच्या लाइव्ह डेटात शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म असे दोन ट्रिम दिसतात. शॉर्ट म्हणजे आत्ताची नोंद, लाँग म्हणजे साठलेली बाकी. दोन्हींची बेरीज करा. आकडा अधिक असेल तर ईसीयू वरून पेट्रोल वाढवतोय, उणे असेल तर कमी करतोय. साधारण १० टक्क्यांच्या आत असेल तर घाबरायचं कारण नाही.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर हा आकडा दोनदा लिहून घ्या. एकदा आयडलला, एकदा २,५०० आरपीएमला.

१. आयडलला +२०, रेस दिल्यावर +४: हवा लीक आहे. आयडलला थ्रॉटल जवळपास बंद असतो, इंजिन जोरात ओढतं, त्यामुळे छोटी चीरही मोठा वाटा घेते. थ्रॉटल उघडला की तीच चीर किरकोळ ठरते.

२. आयडलला ठीक, रेस किंवा चढाला अधिक वाढतो: पेट्रोल पुरत नाही. पंप, फिल्टर, प्रेशर तपासा. एअर-फ्लो सेन्सर घाण झाला असेल तरी असंच दिसतं.

३. दोन्हीकडे मोठा उणे: मिश्रण रिच. प्लग काळे, पेट्रोलचा वास, अॅव्हरेज पडलेलं. इंजेक्टर गळतोय का, प्रेशर जास्त आहे का, पर्ज व्हॉल्व्ह उघडा राहिलाय का ते बघा. टेंपरेचर सेन्सर गरम इंजिनाला थंड सांगत असेल तरी असंच होतं.

दोन ठिकाणी फसू नका

पहिलं, आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत एअर-फ्लोऐवजी मॅप सेन्सर असतो. तो इनटेकमधलं प्रेशर मोजतो, म्हणून लीकमधून आलेली हवाही त्याच्या हिशोबात येते. तिथे ट्रिम फारसा हलत नाही, पण आयडल चढलेला दिसतो. ट्रिम ठीक म्हणून गाडी सोडून देऊ नका.

दुसरं, पेट्रोलमध्ये आता उसाच्या मळीपासून बनलेलं इथेनॉलही असतं. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर यायला लागलं. त्याला हवेचं प्रमाण सुमारे १३.५ लागतं, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल थोडं जास्त. त्यामुळे जुन्या गाडीत +४, +५ दिसलं की लगेच लीक शोधत बसू नका.

लीक शोधायची कशी

आधी डोळे आणि कान. पाइप वाकवून बघा, चीर बहुतेक खालच्या बाजूला किंवा क्लिपखाली असते. पीसीव्ही पाइप, ब्रेक बूस्टरचा पाइप, इनटेकचं पॅकिंग, इंजेक्टरच्या रबरी रिंगा या क्रमाने चला. "सूंऽऽ" आवाज येतो का ऐका. शंका असेल तिथे पाण्याचा बारीक फवारा मारा, वायरिंग आणि कॉइल सांभाळून. आरपीएम बदलला तर जागा सापडली. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल मारायची सवय सोडा, आग लागते. काम वाढलं की स्मोक मशीन घ्या. बंद इंजिनात हलक्या दाबाने धूर सोडायचा, धूर बाहेर येईल तिथे लीक.

आता धंद्याचं

बीबीएला कॉस्टिंग शिकलो होतो, पण चुकीच्या निदानाची किंमत काकांनी शिकवली. आता मी तपासणीचे ३०० रुपये आधीच सांगतो. काम माझ्याकडे केलं तर ते बिलातून वजा. जॉब कार्डवर कामाआधीचा आणि नंतरचा ट्रिम लिहितो आणि गिऱ्हाइकाला दाखवतो. +२२ चा +३ झालेला बघितला की बिलावर घासाघीस होत नाही.

आणि हो, काका अजून माझ्याकडेच येतात. चूक लपवली असती तर आले नसते.

गृहपाठ: या आठवड्यात ठणठणीत चालणाऱ्या तीन गाड्यांचे आयडल आणि २,५०० आरपीएमचे ट्रिम वहीत लिहा. चांगल्या गाडीचा आकडा माहीत असेल, तरच बिघडलेल्या गाडीचा आकडा कळतो.