सामाईक वस्तूची पाळी कशी लावावी?

पावसाळ्यात टाकवे बुद्रुकवरून आंदर मावळात शिरले की भातखाचरात बरीच माणसे ओळीने लावणी करताना दिसतात. ती सगळीच मजुरीची नसतात; पुष्कळदा सावडीची असतात. आज तुम्ही माझ्याकडे, उद्या मी तुमच्याकडे, दिवसाला दिवस फेडायचा. इर्जिक निराळी. तिथे शेजारी बैल-नांगर घेऊन एकाचे काम उरकून देतात, घरधनी जेवण घालतो, हिशोब नाही. कारागिराने शिकावी ती सावड. तिथे मुकादम नसतो. कोणाचे शेत आधी, हे ओळखीवर ठरवून भागत नाही, कारण रोप तीन-चार आठवड्यांचे झाले की लावावेच लागते. उशीर झाला तर फुटवे कमी येतात आणि उतारा घटतो.

कॉम्प्युटरवाल्यांनाही हेच कोडे पडले. 2001 साली ब्रॅम कोहेन यांनी बिटटोरंट काढले. त्यात फाईलचे तुकडे सगळ्यांच्या यंत्रांवर असतात, आणि जो देतो त्याला आधी मिळते. मूळ रचनेत हा हिशोब दर 10 सेकंदांनी नव्याने होतो. शिवाय दर 30 सेकंदांनी एकाला, त्याने काही दिलेले नसले तरी, संधी मिळते. नाहीतर रिकाम्या हाताने आलेला नवखा सुरुवात करणार कशी?

आपल्या फिकहमध्ये याला मुहायात म्हणतात. सामाईक वस्तूची नव्हे, तिच्या वापराची वाटणी. 1869 ते 1876 दरम्यान तयार झालेल्या उस्मानी 'मजल्ला'त यावर स्वतंत्र प्रकरण आहे. काळाच्या पाळीत सुरुवात कोणी करावी यासाठी कुरआ, म्हणजे चिठ्ठ्या टाकणे, पसंत केले आहे.

माझ्याकडून कापड नेणाऱ्या चार शिलाई कारागिरांनी मिळून काजाचे मशीन घेतले. प्रत्येकाला एकेक आठवडा. वाटणी बरोबर, तरी रमजानात भांडण पेटले. ईदच्या आधीचा आठवडा ज्याच्या वाट्याला आला त्याची चांदी झाली, बाकीचे तिघे गिऱ्हाइकांना तोंड दाखवेनात. एक तर हिस्सा मोडून मागू लागला. दिवस सारखे वाटले होते, पण दिवसांची किंमत सारखी नव्हती!

मी त्यांना बसवले. वर्षभर आठवड्याची पाळी तशीच ठेवली. रमजानात मात्र आठवडा मोडून रोज चौघांना ठराविक तास दिले. तरावीहनंतरचे तास सर्वांना हवे होते, म्हणून ते दररोज पुढच्याकडे सरकतात. सुरुवात चिठ्ठीने. ज्याचे काम नाही त्याने आपले तास दुसऱ्याला द्यावेत, ते वहीत त्याच्या नावे जमा होतात. पैसे घ्यायचे नाहीत. मशीन बंद पडलेले तास मात्र आम्ही लिहायला विसरलो होतो. त्यावर पुन्हा वाजले. आता ते चौघांत सारखे वाटले जातात.