इशायाने पाठवलेली शिदोरी



शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातील सतरावा अध्याय म्हटला की आपल्याला गोफण आणि गल्याथ आठवतात. या रविवारी तोच अध्याय आपण घरी राहिलेल्या माणसाच्या बाजूने वाचू या. त्याचे नाव इशाय, दाविदाचा बाप. तो म्हातारा झाला आहे. त्याचे तीन थोरले मुलगे, अलीयाब, अबीनादाब आणि शम्मा, शौल राजाच्या सैन्यात एलाच्या खोऱ्यात आहेत. बेथलेहेमपासून ते खोरे वीसेक किलोमीटर, पण बातमी काही नाही. तिकडे चाळीस दिवस सकाळ-संध्याकाळ गल्याथ ललकारतो आहे.

इशाय काय करतो? धाकट्याला हाक मारतो आणि शिदोरी बांधतो. भावांसाठी एफाभर हुरडा आणि दहा भाकरी. त्यांच्या सरदारासाठी पनीराचे दहा तुकडे. (मुलाच्या साहेबाला काही पाठवावे हे बापांना तेव्हाही सुचत होते!) मग तो दाविदाला सांगतो, भावांचे क्षेमकुशल विचार आणि त्यांच्याकडून काही खूण घेऊन ये. हा खुणेचा शब्द आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. ‘ते बरे आहेत’ या तोंडी निरोपावर बापाचे समाधान होणार नव्हते. मुलाच्या हातची एखादी वस्तू त्याला हवी होती.

आपल्या शहराला सैन्य नवीन नाही. छावणी तर आहेच. शिवाय दहावीनंतरच्या मुलांना एनडीएसाठी तयार करणारी राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून इथेच आहे. आता मुलीही जातात. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत २०२२ साली दाखल झालेल्या मुलींपैकी १७ जणी मे २०२५ मध्ये उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. म्हणजे ‘पोहोचलीस का?’ हा प्रश्न आता लेकीलाही विचारायचा. अग्निवीरांच्या घरी आणखी एक घोर असतो. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुलांनाच पुढे ठेवणार, मग आपल्या मुलाचे काय?

पूर्वी खूण म्हणजे पत्र. पत्त्यावर नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’. गावाचे नाव नाही. १९९९ च्या कारगिल युद्धात मे ते जुलै कितीतरी आयांनी पोस्टमनच्या सायकलकडे कान लावून दिवस काढले. आज फोन आहे. सोय झाली, पण धीर कमी झाला. तेव्हा आठ दिवस पत्र आले नाही तर टपालाला दोष देता येत असे. आता एका संध्याकाळी निळ्या खुणा दिसल्या नाहीत की घास उतरत नाही.

त्यात टीव्ही. ७ ते १० मे २०२५ या दिवसांत काही वाहिन्यांनी न घडलेल्या गोष्टीही घडल्या म्हणून सांगितल्या. सैन्याच्या हालचाली थेट दाखवू नयेत, असे सरकारने २६ एप्रिललाच बजावले होते. ज्या घरातला मुलगा सीमेवर आहे त्या घराने रात्रभर ते पाहत बसू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. एक बातमीपत्र ऐकावे आणि टीव्ही बंद करावा. शेजाऱ्यांनीही ‘काय खबर?’ असे दारातून विचारण्यापेक्षा भाजीची वाटी घेऊन आत जावे.

दावीद शिदोरी घेऊन पोहोचला तेव्हा पुढे काय झाले, हेही वाचा. थोरला अलीयाब त्याच्यावरच भडकला! चार मेंढरे कुणाच्या भरवशावर टाकून आलास, लढाई बघायला आलास ना, असे त्याने सुनावले. घरून आलेल्या भाकरीबद्दल एक शब्द नाही. चाळीस दिवस भीतीत काढलेला माणूस असाच बोलतो. मुलगा फोनवर तुटक बोलला, ‘सारखं काय विचारतेस’ म्हणाला, तर आईने ते मनाला लावून घेऊ नये.

आता बाविसावा अध्याय उघडा. दावीद स्वतः जीव वाचवत रानोमाळ फिरतो आहे. तशातही तो मवाबाच्या राजाकडे जाऊन विनंती करतो की माझ्या आईबापांना तुमच्याकडे राहू द्या. इशायाची आजी रूथ मवाबाचीच, कदाचित म्हणून त्याला ते ठिकाण सुचले असेल. मुलांनाही घरचा घोर असतो. म्हणून फोनवर केवळ ‘इथे सगळे ठीक’ म्हणू नका. बीपीची गोळी चालू आहे, गुडघा दुखतो, पण डॉक्टरांना दाखवले आहे, हे खरे ते सांगा. लपवलेले दुखणे त्याला आवाजावरून कळतेच.

ज्यांची मुले-मुली सेनादलांत आहेत त्यांनी मिस्सापूर्वी सॅक्रिस्टीत नाव द्यावे, म्हणजे श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत ते घेता येईल. चिठ्ठीवर केवळ नाव लिहावे. युनिट आणि ठिकाण लिहू नये, आणि ते व्हॉट्सअॅप ग्रुपवरही टाकू नये.