घाणा पारख करत नाही

अकोला-अमरावतीत आता चौकाचौकात लाकडी घाण्याच्या पाट्या दिसतात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत घाणा फिरतो, खाली तेलाची धार लागते, बाजूला ढेप पडते. शेंगदाणा, तीळ, करडई, जवस यांच्या ओळीत खोबरेल तेलही येऊन बसलं आहे, आणि घेणाऱ्याला सांगितलं जातं ते एवढंच: हे रिफाइंड नाही, केसांना लावा, फोडणीला वापरा, बाळाला चोळा, बिनघोर राहा. माझा आक्षेप त्या ‘बिनघोर’ला आहे. रिफाइंड न करणं म्हणजे तेलातून काहीही काढून न टाकणं. दाण्यात होतं त्यातलं बरंचसं तेलात उतरलं. वास, रंग, व्हिटॅमिन ई आलं, तसं बुरशीचं विष असेल तर तेही आलं. घाणा पारख करत नाही. ती पारख आता तेल काढणाऱ्याने आणि नेणाऱ्याने करायची असते, आणि बहुतेक ठिकाणी ती दोघेही करत नाहीत.

खरं तर हे वऱ्हाडाला कुणी शिकवायला नको. इथलं हुकमी पीक कापूस. सरकी ढेपेच्या वायदेबाजारात अकोल्याचा भाव देशभर पाहिला जातो. ती ढेप ज्या गिरणीतून निघते तिथलं कच्चं सरकी तेल लालसर काळपट असतं. त्यात गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं, कपाशीच्या झाडाने किडीपासून बचावासाठी तयार केलेलं. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराला ते बेताने पचतं, माणसाला नाही. चीनमधल्या काही खेड्यांत कच्चं सरकी तेल खाण्यात होतं, तिथे वंध्यत्व दिसू लागलं. पुढे १९७०च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी हेच गॉसिपॉल पुरुषांसाठी संततिनियमनाची गोळी म्हणून तपासलं. काहींची प्रजननक्षमता गोळी थांबवूनही परत येईना, रक्तातलं पोटॅशियम घसरू लागलं, म्हणून ते मागे पडलं. क्षाराने धुऊन, म्हणजे रिफाइंड करूनच, सरकी तेल खाण्याजोगं होतं. तेव्हा ‘रिफाइंड म्हणजे विष’ असं सरसकट म्हणणाऱ्याने आधी सरकीचं काय ते सांगावं.

यावर उत्तर येतं की रिफायनरीतही सगळं गोडीगुलाबीने होत नाही. ते मला मान्य आहे. वास घालवण्यासाठी तेल २०० अंशांच्या वर तापवतात, त्यात व्हिटॅमिन ई काही प्रमाणात जातं आणि थोडे नकोसे पदार्थ नव्याने तयारही होतात. पण त्याच धुण्यागाळण्यात शेंगदाण्याच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन जवळजवळ सगळं निघून जातं. पावसात भिजलेली, नीट न वाळलेली, काळी पडलेली शेंग घाण्यात घातली तर ते यकृतावर घाला घालणारं विष तेलात काही अंशी राहतं, आणि ते ना वासाने कळतं ना चवीने. म्हणून घाण्यावर गेल्यावर तेलाची धार पाहण्याआधी पोत्यात हात घालून दाणे पाहावेत. सुरकुतलेले, काळे, बुरशी धरलेले दाणे दिसले तर भाव कितीही खाली असो, परत फिरावं.

खोबऱ्यात ही अडचण वाढते, कारण नारळ आपल्याकडचा नाही. करडई-जवस कुणाच्या शेतातली हे इथे निदान विचारता येतं. तेलाचं खोबरं येतं केरळ-तमिळनाडूकडून; ते उन्हात वाळलं की धुराच्या भट्टीवर, हे इथल्या विक्रेत्याला बहुधा ठाऊक नसतं. धुरावर वाळलेल्या खोबऱ्यात जळणातली बहुचक्रीय कर्बद्रव्यं चिकटतात, त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. युरोपीय संघाने खोबरेल तेलातल्या अशा द्रव्यांना कायद्याने मर्यादा घातली आहे. ताज्या नारळाच्या दुधातून काढलेलं ‘व्हर्जिन’ तेल आणि जुन्या खोबऱ्याचं घाण्यातलं तेल, दोन्ही रिफाइंड नसतात, पण त्यांची लायकी एक नाही. तेल पिवळट असेल, धुरकट किंवा खवट वास मारत असेल तर ते डोक्यालाही नको.

आता स्वयंपाकाचं. खोबरेल तेलात सुमारे ९० टक्के संपृक्त मेद असतं. तुपात ६० ते ६५, शेंगदाणा तेलात २०च्या आत, करडईत १०च्या आसपास. २०२० साली ‘सर्क्युलेशन’ या हृदयरोगविषयक नियतकालिकात १६ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल यांसारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेलाने रक्तातलं वाईट कोलेस्ट्रॉल, म्हणजे एलडीएल, साधारण १० मिलिग्रॅमने वाढलेलं दिसलं. चांगलं कोलेस्ट्रॉलही ४ने वाढलं, पण त्यामुळे वाईटाची भरपाई होते असा पुरावा नाही. बाटलीवर ‘कोलेस्ट्रॉल-फ्री’ लिहिलेलं असतं ते खरंच आहे, फक्त ते जगातल्या प्रत्येक वनस्पती तेलाला लागू आहे. वजन उतरवण्याचे दावे ज्या प्रयोगांवर उभे आहेत त्यांत ८ आणि १० कार्बनची आम्लं वेगळी काढून वापरली होती. खोबरेल तेलात ती जेमतेम १५ टक्के असतात, बाकीचा मोठा भाग १२ कार्बनच्या लॉरिक आम्लाचा.

‘मग केरळचे लोक पिढ्यान्पिढ्या खातात ते?’ हा प्रश्न हटकून येतो आणि तो रास्त आहे. याहून तगडं उदाहरण प्रशांत महासागरातलं आहे. पुकापुका आणि टोकेलाऊ बेटांवरचा अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला. टोकेलाऊवर निम्म्याहून जास्त ऊर्जा नारळातून येत होती, तरी हृदयविकार फारसा आढळला नाही. पण ती माणसं मासे आणि अख्खा नारळ, चोथ्यासकट, खात होती. बाटलीतलं तेल शेव-चिवड्याच्या जोडीने नाही. शिवाय टोकेलाऊच्या लोकांचं कोलेस्ट्रॉल पुकापुकाच्या लोकांपेक्षा जास्त होतं, हेही त्याच अभ्यासात आहे. आणि परंपराच प्रमाण मानायची तर आपली वऱ्हाडी परंपरा जवसाची आणि करडईची आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही पिंक’ करडई आणि ‘पीकेव्ही एनएल-२६०’ जवस दिले, ते उगाच नाही. भाकरी-ठेच्यावर जवसाचं कच्चं तेल घ्यावं; ते तापवू मात्र नये, त्यातलं ओमेगा-३ उष्णतेने बिघडतं. खोबरेल त्या बाबतीत टिकाऊ आहे, लवकर खवट होत नाही. पण रिफाइंड न केलेलं खोबरेल १७५ अंशांच्या सुमारास धुरायला लागतं, आणि गिला वडा किंवा कचोरी तळायला आच जवळपास तेवढीच लागते. एखाद्या भाजीला चवीपुरतं चमचाभर वापरायला माझी हरकत नाही. रोजच्या तर्रीला नको.

केसांच्या बाबतीत मात्र मी उलट्या बाजूला आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतले संशोधक आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली दाखवलं की खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफूल आणि खनिज तेलाला ते जमलं नाही. कंपनी खोबरेल विकणारी आहे, हे ध्यानात ठेवूनही लॉरिक आम्लाच्या सरळ, आखूड रेणूचं त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे. मुंबईच्याच शीव रुग्णालयात कमी दिवसांच्या बाळांना खोबरेलाने मालिश केल्यावर वजनवाढ खनिज तेलापेक्षा चांगली झाली, हा अभ्यास २००५ चा. हिवाळ्यात वऱ्हाडात कातडी तडतडते तेव्हा आंघोळीनंतर ओल्या अंगावर लावायला याहून स्वस्त आणि चांगलं थोडं असेल. पण कोंडा असेल तर तेल चापून बसू नये: कोंड्याची बुरशी तेलातल्या मेदाम्लांवरच पोसते. मुरमांच्या चेहऱ्याला ते लावू नये. मे महिन्यात पारा ४५ला टेकतो तेव्हा तेल लावलेली कातडी उन्हापासून वाचत नाही, डोक्याला दुपट्टाच लागतो. भाजल्यावर तेल नको, वाहतं थंड पाणी. आणि न्हाऊ घालताना बाळाच्या नाकात तेलाचे थेंब सोडण्याची रीत आज्जीने कितीही मायेने सांगितली तरी बंद करावी. ते तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो, आणि तो साध्या औषधाने हटत नाही.

खरेदी करताना ‘थंडीत गोठलं म्हणजे शुद्ध’ या कसोटीवर विसंबू नये. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं हे खरं. फ्रिजमध्ये ठेवल्यावर वर न गोठलेला थर राहिला तर भेसळ पकडता येते, पण पामच्या गरातलं तेलही गोठतंच, ते यातून निसटतं. सुट्टं तेल विकायला कायद्याने बंदी आहे ती व्यापाऱ्याला छळायला नव्हे. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचं तेल मिसळलं गेलं आणि ६०हून जास्त माणसं दगावली, त्यानंतर खाद्यतेल बंद पाकिटातच विकण्याचा आदेश निघाला. लेबलावर ‘खाद्यतेल’ आहे की ‘केशतेल’ हेही पाहावं. लहान बाटलीतल्या शुद्ध खोबरेलावर कर कोणता, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८ डिसेंबर २०२४ला निकाल लागला की केशतेल म्हणून विकलं नसेल तर ते खाद्यतेलच. ज्यावर केशतेल लिहिलं आहे त्यात सुगंध आणि खनिज तेल असू शकतं. ते कढईत जाऊ नये. घाण्यावरून आणायचंच तर तेही बंद बाटलीतलं, एका महिन्यापुरतं आणावं, काचेच्या किंवा स्टीलच्या कोरड्या भांड्यात काढावं, आणि उन्हाळ्यात ते चुलीजवळच्या फळीवर न ठेवता घरातल्या सगळ्यांत गार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावं. जवसाचं असेल तर सरळ फ्रिजमध्ये.